मीठ, अफू आणि बाटली : सरहद्दीवरच्या महसुलाची गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या उंबऱ्यावरचा आहे, म्हणून सवड काढून वाचा.

मध्यंतरी पणजीहून रत्नागिरीला एसटीने येत होतो. सरहद्द ओलांडल्यावर एका नाक्यावर गाडी थांबली. दोघेजण तपासायला वर चढले. मागच्या सीटखालून एक सॅक निघाली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या आठ-दहा बाटल्या. विशीतला पोरगा, पायात स्लीपर, तोंडातून शब्द फुटेना. त्याला खाली उतरवलं, गाडी पुढे निघाली. माल कुणाचा होता आणि खेपेमागे त्याला किती सुटणार होते, हे गाडीत कुणाला कळलं नाही आणि कुणाला जाणून घ्यायचंही नव्हतं.

माझ्या शेजारी आरोंद्याकडच्या एक आजी बसल्या होत्या. खिडकीबाहेर बघत त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या आज्याच्या वेळार मीठ धरीत, आता बाटली धरतत. नाको थंयच आसा."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. घरी आल्यावर जुनी पुस्तकं काढली. आजींचं म्हणणं शब्दशः खरं निघालं, आणि त्या मिठाचा धागा ओढत गेलो तर थेट चीनच्या किनाऱ्यापर्यंत पोचलो. तेच आज सांगतो.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा नव्हता, तो १९८१ मध्ये झाला. वेंगुर्ला, शिरोडा, रेडी ही किनारपट्टी इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात होती. तिच्या आत सावंतवाडीचं संस्थान, ज्याच्या कारभारावर १८३८ पासून इंग्रजांचीच देखरेख. आणि दक्षिणेला तेरेखोलच्या खाडीपलीकडे पोर्तुगीजांचा गोवा. म्हणजे आपला जिल्हा हा इंग्रजी मुलखाचा शेवटचा दरवाजा होता.

या दरवाजात भांडण होतं ते मिठाचं.

इंग्रज सरकारने मिठावर कर बसवलेला होता. मुंबई इलाख्यात तो मणाला १ रुपया १३ आणे होता, नंतर वाढवून अडीच रुपये केला. आता गंमत बघा. मिठागरावर मण मीठ पिकवायला खर्च येई काही आण्यांचा. म्हणजे करच मालाच्या कित्येक पट. आणि खाडीपलीकडे पेडण्यात, बारदेशात, तिसवाडीत पिकलेल्या गोव्याच्या मिठावर हा कर नव्हता. होडी एका तीरावरून दुसऱ्या तीराला आली की मिठाची किंमत अनेक पटींनी वाढलेली! असल्या नदीत रात्री होड्या चालणार नाहीत तर काय होणार? त्यासाठी माणूस मुळात चोर असायला लागत नाही. दोन काठांवरच्या दोन दरांतच ती कमाई ठेवलेली असते.

इंग्रजांना हे नवीन नव्हतं. उत्तरेत याच मिठाच्या करासाठी त्यांनी देशाच्या पोटातून जकातीची एक रेषा ओढली होती. सिंधूपासून पार मध्य हिंदुस्थान ओलांडून ओरिसाच्या बाजूला जाणारी, सुमारे २३०० मैल लांब. कुठे काटेरी झाडांचं जिवंत कुंपण, कुठे दगडी बांध, आणि पहाऱ्याला जवळजवळ १२ हजार माणसं. खर्च अफाट, लाचखोरी त्याहून अफाट. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की कुंपण राखत बसण्यापेक्षा मीठ जिथे पिकतं ती जागाच ताब्यात घ्यावी. म्हणून जयपूर-जोधपूरच्या राजांकडून सांभर सरोवर भाडेपट्ट्याने घेतलं, आणि १८७९ मध्ये ते लांबलचक कुंपण मोडून टाकलं.

मग पश्चिम किनाऱ्यावर उरलेलं एक मोठं भगदाड म्हणजे गोवा. तेही असंच बुजवायचं ठरलं.

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन शहरात इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला. पोर्तुगालचे मंत्री आंद्राद कोर्वू आणि इंग्रजांचे वकील रॉबर्ट मोरियर या दोघांनी तो घडवून आणला. १५ जानेवारी १८८० पासून तो अमलात आला, मुदत बारा वर्षांची. थोडक्यात कलमं अशी : गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकात रद्द. दोन्हीकडे आयातीचे दर सारखे. गोव्यातल्या मिठाचा मक्ता इंग्रजांच्या हाती. दारू-ताडीवर मुंबई इलाख्यासारखीच अबकारी पद्धत. या बदल्यात इंग्रजांनी पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये द्यायचे. शिवाय मुरगावला बंदर आणि तिथून घाट चढून जाणारी रेल्वे. ही रेल्वे १८८८ मध्ये कॅसलरॉकपर्यंत जाऊन पोचली.

कागदावर किती छान दिसतं बघा. नाके उठले, व्यापार मोकळा, रेल्वे आली, बंदर आलं, वर रोख रक्कम. आजच्या भाषेत याला 'कस्टम्स युनियन' म्हणतात आणि त्याचं कौतुक होतं.

आता हाच कागद मिठागरावरून वाचा. इंग्रज मीठ खात्याची माणसं गोव्याच्या आगरांवर येऊन बसली. किती मीठ पिकवायचं, कुठे साठवायचं, कुणाला विकायचं, हे ते ठरवू लागले. पिढ्यान् पिढ्या आगर राखणारा माणूस आपल्याच मिठाचा राखणदार झाला, धनी राहिला नाही. कितीतरी आगर पडीक पडले. तिकडे माडावर चढणाऱ्या रेंदेराला माडामागे कर आला. आपल्याकडच्या भंडारी समाजाने मुंबईच्या १८७८ च्या अबकारी कायद्याखाली जे सोसलं, तेच आता खाडीपलीकडेही सुरू झालं. त्या काळात गोव्यातून माणसं मुंबईकडे आणि आफ्रिकेकडे लोंढ्याने गेली. त्याला कारणं अनेक होती, पण अभ्यासक या तहाचं नाव त्यांत घेतातच.

चार लाख रुपये मिळाले ते पणजीच्या सरकारी तिजोरीला. आगरातल्या माणसाला नव्हे.

आता इथून आपण चीनला जाऊ. उगाच नव्हे. तिकडचा माल आपल्याच मुंबईहून जात होता, म्हणून.

तो माल म्हणजे अफू. माळव्यात पिकलेली अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जायची आणि कंपनी सरकार तिच्यावर कर घ्यायचं. तिथेही भगदाड होतंच, आणि तेही पोर्तुगीजांचं : दमण. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत माळव्याची अफू इंग्रजी मुलूख टाळून, राजपुतान्यातून सिंधमार्गे, कराचीहून समुद्राने दमणला यायची आणि तिथून जहाजात चढायची. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर ही वाट बंद झाली. वाट बंद होताच मुंबईवरून जाणाऱ्या अफूवरचा कर भराभर वाढत गेला. पळवाट असते तोवरच सरकार दर बेताचा ठेवतं, हे त्यातलं एक गमतीदार सत्य.

ही अफू उतरायची कुठे? १८४२ मध्ये इंग्रजांनी चीनकडून घेतलेल्या हाँगकाँगला. ते खुलं बंदर, जकात नाही. तिथून चिनी जंकांमध्ये भरून माल रातोरात समोरच्या किनाऱ्यावर. चीनच्या बादशाही सरकारचा कर बुडाला. म्हणजे हुबेहूब तेरेखोलची गोष्ट! फक्त इथे इंग्रजांची जागा बदललेली. आपल्याकडे ते ज्याचा महसूल बुडतो तो शेजारी होते. तिकडे ते ज्याच्या बंदरातून बुडवला जातो तो शेजारी.

आणि जागा बदलली की भाषा कशी बदलते बघा. गोव्याच्या सरहद्दीवर इंग्रज म्हणत, मिठाची चोरी हा आमच्या तिजोरीवर दरोडा आहे. आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीला चीनने हाँगकाँगच्या आसपास गस्तीच्या होड्या आणि नाके उभे केले, तेव्हा तिथले इंग्रज व्यापारी ओरडू लागले की ही आमच्या बंदराची नाकेबंदी आहे, व्यापाराच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. तेच राज्य, तीच वर्षं.

पुढे समझोता झाला. १८८६ च्या करारानुसार अफूच्या पेटीमागे ११० ताएल (चिनी चांदीचं माप) एकरकमी कर चीनला मिळायचा, आणि १८८७ मध्ये चिनी कस्टम्स खात्याने हाँगकाँगच्या तोंडाशी काउलून इथे आणि मकावच्या तोंडाशी लाप्पा इथे आपली कचेरी थाटली. या खात्याचा मुख्य होता रॉबर्ट हार्ट, एक आयरिश माणूस, चीनच्या बादशहाचा पगारी नोकर. मकाव पोर्तुगीजांचं. त्यांनी अफूच्या वसुलीत मदत करायची, बदल्यात चीनने मकाववरचा त्यांचा कायमचा ताबा मान्य करायचा, असा सौदा त्याच वर्षी झाला. लिस्बनने नऊ वर्षांपूर्वी गोव्यात महसूल विकून रुपये घेतले, इथे तीच मदत विकून जमीन घेतली.

ही घडी बसते न बसते तोच १८९८ उजाडलं. जपानकडून मार खाल्लेल्या चीनचे लचके तोडायची शर्यत लागली. ९ जून १८९८ रोजी इंग्रजांनी हाँगकाँगमागचा मोठा मुलूख आणि आजूबाजूची बेटं ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. वसाहत एका सहीत सुमारे दहापट झाली. पण चिनी कस्टम्सचे नाके होते ते नेमके याच मुलखात. म्हणजे सरहद्द नाक्यांच्या डोक्यावरून पुढे गेली आणि चीनचे जकातदार रात्रीत परमुलखात आले!

हार्टचं म्हणणं, नाके आहेत तिथेच राहू द्या, नाहीतर महसूल बुडेल. हा महसूल काही लहानसहान नव्हता. जपानची युद्धखंडणी भागवायला चीनने युरोपातून जी प्रचंड कर्जं काढली होती, ती याच जकातीवर तारण होती. म्हणजे चीनचे नाके बुडाले तर लंडनच्या सावकारांचं व्याजही बुडणार. तरीही हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांना आपल्या हद्दीत परकी जकातदार नको होते. शेवटी ऑक्टोबर १८९९ मध्ये नाके हलवावे लागले. चीनच्या महसुलाचं रक्षण करण्यात मदत करू, असं आश्वासन इंग्रजांनी दिलं. पण आश्वासन गस्त घालत नाही. आधी एका बंदराभोवती राखण होती, ती आता वाढलेल्या किनाऱ्यावर, आखातांवर आणि नव्याने जन्मलेल्या जमिनीवरच्या सरहद्दीवर पसरावी लागली.

१८९८ मध्येच जर्मनांनी चीनचा किआऊचौ उपसागर ९९ वर्षांसाठी घेतला आणि तिथे त्सिंगताव बंदर वसवलं. त्यांनी उलट वाट धरली. १८९९ मध्ये चिनी कस्टम्सला त्यांनी स्वतःच्या हद्दीत कचेरी उघडू दिली. १९०५ मध्ये करार सुधारला आणि आयात जकातीचा २० टक्के वाटा जर्मन वसाहतीला मिळू लागला. आपला १८७८ चा तह आठवला का? शेजाऱ्याचा जकातदार आपल्या अंगणात बसवायचा आणि त्याबद्दल ठरावीक वाटा घ्यायचा. कल्पना तीच.

एवढं सगळं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं ते असं. सरहद्दीवर महसूल राखायच्या जगात तीनच तऱ्हा आहेत. एक, कुंपण घाला आणि पहारा बसवा. दोन, शेजाऱ्याला पैसे देऊन त्याच्याकडूनच राखून घ्या. तीन, दोन्हीकडचे दर जवळ आणा. पहिलीत खर्च आणि लाच. दुसरीत दोन सरकारं खूश, पण ज्याच्या मिठावर किंवा माडावर सौदा होतो त्याला कुणी विचारत नाही. तिसरी सगळ्यांत स्वस्त, पण तीत सरकारला हाव आवरावी लागते, म्हणून ती सगळ्यांत शेवटी सुचते.

गोव्याचा तह बारा वर्षं चालला. जानेवारी १८९२ मध्ये मुदत संपली, पुन्हा झाला नाही. तेरेखोलवर, बांद्याजवळ पुन्हा नाके. रात्रीच्या होड्या पुन्हा सुरू. मिठाचा कर मात्र उठला नाही, आणि मे १९३० मध्ये याच सरहद्दीजवळच्या शिरोड्याच्या मिठागरावर माणसं सत्याग्रहाला गेली, लाठ्या खाल्ल्या. शाळेत आपण दांडी शिकतो. शिरोडं आपल्या जिल्ह्यातलं होतं, ते मात्र आपल्या पोरांना सांगावं लागतं. तिथे मीठ उचलणाऱ्या माणसांच्या मागे या सरहद्दीची निदान दोन पिढ्यांची आठवण होती, हे आजींच्या एका वाक्याने मला कळलं.

स्वातंत्र्यानंतरही ही रेषा राहिली. गोवा पोर्तुगीजांकडेच, आणि आता हिंदुस्थान सरकारचं कस्टम्स समोर. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि जकातीची सरहद्द गेली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि देशभर मालाचे राज्यांमधले करनाके उठले. साबण, कापड, सिमेंट, काहीही न्या, कुणी अडवत नाही. कारण दर दोन्हीकडे सारखा. तिसरी तऱ्हा!

पण पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर ठेवली. पेट्रोल-डिझेलही बाहेर. तिथे प्रत्येक राज्याचा दर वेगळा. म्हणून सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं गोव्यात गेली की टाकी भरून येतात आणि त्याला आपण हुशारी म्हणतो. बाटली आणली की गुन्हा.

जून २०२५ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट करायचं ठरवलं. दारूवरची ही आणि इतर वाढ धरून सुमारे १४ हजार कोटी जादा मिळतील असा अंदाज सांगितला गेला. दारू महाग व्हावी याला माझा विरोध नाही. दारूने उठलेली घरं मी पाहिली आहेत. राज्याला पैसा लागतो हेही मान्य. शाळा, रस्ते, दवाखाने आकाशातून पडत नाहीत. माझं म्हणणं इतकंच आहे की तेरेखोलच्या अलीकडचा दर वाढला आणि पलीकडचा तसाच राहिला, की आपण नदीच्या पात्रात पुन्हा पैसे पेरले. पीक कोण काढणार, ते १८७८ पासून ठरलेलं आहे. मोठा व्यापारी ट्रकच्या चोरकप्प्यातून माल नेणार, आणि एसटीत सीटखाली सॅक ठेवून बसणार आरोंद्याचा, सातार्ड्याचा, बांद्याचा पोरगा.

त्याच्यावर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. मग वकील, तारखा, आणि नोकरीसाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला काढताना लागणारी ठेच. ज्या वयात मुंबई-पुण्याला कुठेतरी चिकटायचं, त्या वयात तो कोर्टाच्या पायऱ्या चढतो. चूक त्याची आहेच, मी नाकारत नाही. पण माल देणारा आणि घेणारा या दोघांची नावं त्या कागदावर सहसा नसतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नाके ठेवा, पण जेव्हा दर वाढवाल तेव्हा सरहद्दीवरच्या तालुक्यांत काय होईल याचा हिशोब त्याच कागदावर मांडा. गोवा सरकारशी बोला, दोन दरांतलं अंतर किती ठेवायचं ते ठरवा. दोन साम्राज्यं हजारो कोस लांब लिस्बनमध्ये बसून आपल्या खाडीचा सौदा करू शकली, तर मुंबई आणि पणजी एका टेबलावर बसायला काय हरकत आहे? फक्त यावेळी त्या टेबलाशी आगरातल्या, माडाखालच्या, सीटवरच्या माणसाची बाजू मांडणारं कुणीतरी असावं. मागच्या खेपेला नव्हतं.

तुमच्या घरात मिठाच्या नाक्यांच्या, गोव्याहून रातोरात येणाऱ्या होड्यांच्या आठवणी कुणी सांगितल्या असतील तर लिहून ठेवा. वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, आरोंदा, बांदा इथल्या लोकांनी तर नक्कीच. सरकारी दप्तरात किती मण मीठ पकडलं त्याची नोंद सापडते. ज्याच्या डोक्यावर ते होतं त्याची सापडत नाही.